चष्मा घरी राहिला

“खुर्ची म्हणे! आमच्या घरचं पायपुसणं हिच्यापेक्षा उंच आहे. बसा बसा म्हणतात, उठवायला कोण येणार?”

आजोबांनी हे आत्याच्या कानाशी पुटपुटलं. पण आजोबांचा जन्म कारखान्याच्या फाटकावर ‘कोण आहे रे तिकडे’ असं ओरडण्यात गेलेला, त्यामुळे त्यांचं पुटपुटणंही तीन घरं ओलांडून जाई. समोर सतरंजीवर बसलेली वीसच्या वीस पोरं खिदळली. आजोबांचा नातू तर तोंडावर दोन्ही हात दाबून हसला. वर्गाच्या ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“गुडघे कानाशी घ्यायचे आजोबा, मग जमतं,” आत्या म्हणाली. तिचे स्वतःचे गुडघे केव्हाच हनुवटीला टेकले होते.

दर बुधवारी अकरा वाजता छोट्यांच्या वर्गात मोठ्यांचा तास असे. वर्ग म्हणजे एकच लांबट खोली. पूर्वी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या, त्यामुळे भिंतीला कितीही पिवळा रंग दिला तरी एका कोपऱ्यातून रबराचा वास यायचाच. भिंतीवर पोरांच्या हाताला येतील अशा खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र. छत्रीच्या चित्राखाली आत्याच्या भाचीची पिशवी. भाचीचं नाव घरच्यांनी हौसेने ठेवलं होतं, पण ते वापरायची वेळच आली नाही. बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून गल्लीने तिला ‘रेडिओ’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच टिकलं. वय वर्षं साडेचार.

तासाचा नियम सोपा होता. घरातल्या एका मोठ्या माणसाने यायचं, छोट्या खुर्चीवर बसायचं, आणि ताईच्या हातातल्या भल्यामोठ्या चित्रांच्या पुस्तकातलं एकेक पान पोरांना वाचून दाखवायचं. मग ते पुस्तक आठवडाभर आळीपाळीने घरी न्यायचं, घरीही वाचायचं. वीस पोरांची मोठी माणसं निरनिराळ्या दिवसांना वाटून दिली होती. बुधवारच्या वाट्याला आली होती चौघंच: आजोबा, कोपऱ्यावरची भाजीवाली, जुळ्यांचा बाप असलेला गवंडी आणि लाँड्रीत इस्त्री करणारी आत्या.

“चला, आज पहिलं पान कुणाचं?” ताईने विचारलं. ताई वयाने एवढीशी, नोकरीला लागून दोन महिने झालेले. पण उत्साह असा की दाराची कडी काढतानाही गाणं म्हणायची.

चौघांनी छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

“मी वाचलं असतं हो,” आजोबांनी छातीचा खिसा चाचपला, “पण चष्मा घरी राहिला.”

“माझा तर फुटला,” भाजीवाली म्हणाली. “बटाट्याच्या पोत्याखाली आला.”

“माझ्या डोळ्यात सिमेंट गेलंय,” गवंडी म्हणाला. त्याच्या डोळ्यात गेले सहा बुधवार सिमेंट जात होतं. एवढ्या सिमेंटात एक न्हाणीघर बांधून झालं असतं.

“आणि आत्या, तुम्ही?”

“वाफेने धुकं येतं हो ताई डोळ्यांपुढे. सकाळपासून पन्नास शर्ट झालेत.”

ताईने चुकचुक केली आणि पहिलं पान स्वतःच वाचलं. मग दुसरं. मग सगळंच.

आत्याला बाकीच्या तिघांची मनापासून कीव यायची. बिचाऱ्यांचे डोळे गेलेत, नाहीतर वाचलं नसतं का घडाघडा? आजोबांच्या खिशाला कायम पेन, भाजीवालीची जीभ म्हणजे कात्री, गवंडी तर नकाशे बघून घरं उभी करतो. खोटारडी इथे मी एकटीच. माझे डोळे लख्ख आहेत, सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. पण अक्षर म्हटलं की मी पक्की अक्षरशत्रू.

हे तिला बोलून दाखवता येत नव्हतं, त्याला कारण होता प्रवेशाचा फॉर्म. रेडिओचं नाव घालताना फॉर्मवर एक प्रश्न होता: घरात वाचून दाखवणारं माणूस आहे की नाही? तेव्हा दादा घरी होता. त्याने ऐटीत ‘आहे’पुढे खूण केली. जागा वीस आणि दारात उभे पन्नास, तरी रेडिओला जागा मिळाली. ती त्या खुणेमुळेच, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. पुढच्याच महिन्यात दादाला लांबच्या गावी क्रेन चालवायचं काम लागलं, आणि घरातलं एकमेव वाचणारं माणूस तीन महिन्यांतून एकदा येऊ लागलं. वहिनी सकाळच्या पाळीला बिस्किटं डब्यात भरायला जायची; तिला सही करता यायची, तीही रांगोळी काढल्यासारखी सावकाश. उरली आत्या.

“वन्सं, काहीही करा, पण तासाला जाऊन बसा,” वहिनीने हात धरून सांगितलं होतं. “जागा गेली तर पोरीला मी कुठे ठेवू? बिस्किटांच्या डब्यात?”

म्हणून आत्या बसत होती. घरी पुस्तक आलं की चित्रं बघून वाचतही होती. म्हणजे, तिच्या परीने. कोंबडीचं पुस्तक आलं तेव्हा आत्याला पहिल्याच पानावर वाटलं की या कोंबडीला नुसतं दाणे टिपत हिंडण्याशिवाय काहीतरी उद्योग पाहिजे. म्हणून तिने कोंबडीला एक सासू दिली. सासू फार खमकी होती. अंडी मोजून घ्यायची, सुनेच्या चालण्यात खोट काढायची आणि शेवटी कोल्ह्याला झाडूने बडवायची. वहिनीसुद्धा हातातलं काम ठेवून ऐकायची. रेडिओ तर पंख फडफडवून दाखवायची.

पुढच्या बुधवारी ताईने तेच पुस्तक वर्गात वाचलं आणि रेडिओ उभी राहून म्हणाली, “ताई, तुम्ही सासूची पानं खाल्लीत.”

सगळे हसले. ताईही हसली. आत्याने मात्र पदराने कपाळ पुसलं, आणि या खेपेला ते वाफेमुळे नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलाखाली बसून पुस्तक चाळताना रेडिओने विचारलं, “आत्या, सासू कुठे लिहिलीये? बोट ठेव.”

आत्याने वाकून एका ओळीवर बोट ठेवलं.

थोड्या वेळाने रेडिओने पुन्हा विचारलं. आत्याने पुन्हा बोट ठेवलं. पोरीने आधी बोटाकडे पाहिलं, मग आत्याकडे. “मघाशी तिथे नव्हती,” ती म्हणाली. एवढंच बोलली आणि चक्क गप्प बसली. गल्लीत हा रेडिओ कधी बंद पडल्याचं ऐकिवात नव्हतं. आत्याला ती शांतता इस्त्रीच्या चटक्यासारखी लागली.

या बुधवारी तास संपताना ताईने टाळ्या वाजवल्या. “थांबा, थांबा! एक आनंदाची बातमी आहे. सहा आठवडे बघतेय मी, तुम्हा सगळ्यांचे डोळ्यांचे किती हाल होताहेत. तर चौकातल्या चष्मेवाल्या काकांशी मी बोललेय. पुढच्या बुधवारी ते इथे येऊन चौघांचे डोळे तपासणार. चष्मे फुकट! आणि एकेक जास्तीचा चष्मा इथेच खुंटीवर राहील. आता कुणाचा चष्मा घरी राहिला तरी अडायचं नाही!”

आजोबांचा हात खिशावरच थांबला. गवंडी एवढा खोकला की त्याची जुळी पोरं पाणी घेऊन धावली. भाजीवाली म्हणाली, “अगंबाई, किती चांगल्या हो तुम्ही,” पण तिचा चेहरा असा होता की गिऱ्हाईकाने अर्धी गाडी फुकट मागितली असावी.

डोळे तपासतात म्हणजे काय करतात ते आत्याला नेमकं माहीत होतं. चष्मेवाल्याचे पांढरे कोट तिच्याच हातून इस्त्री होऊन जात. कॉलरखाली निळ्या दोऱ्याचे तीन टाके, ही त्याची खूण. दर शनिवारी ती कोट पोचवायला दुकानात जाई तेव्हा आतल्या भिंतीवर तो मोठा तक्ता लटकलेला दिसे. वर एकच गलेलठ्ठ अक्षर, खाली दोन, मग तीन, अशी उलटी उतरंड. आणि तळाशी सहा अक्षरं, मुंग्यांएवढी. माणूस लांब बसतो आणि वाचतो. ज्याला वाचता येत नाही, तो काय करणार? तो पकडला जाणार. आणि मग तो फॉर्म निघणार, दादाची ती ऐटबाज खूण निघणार, आणि छत्रीच्या खुंटीवर दुसऱ्याच कुणाची पिशवी लटकणार.

शनिवारी ती कोट घेऊन निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एक विचार पक्का झाला होता. लाँड्रीत तीनशे गिऱ्हाइकं. कुणाचा शर्ट कुणाचा हे ती नुसत्या टाक्यांवरून सांगते, आजवर एक रुमाल इकडचा तिकडे झाला नाही. मग एकवीस अक्षरं म्हणजे काय मोठंसं?

दुकानाच्या काचेसमोर आजोबा उभे होते. हात मागे बांधलेले, मान ताठ, नजर आत. ओठ हलत होते.

“आजोबा? इथे कुठे?”

आजोबा दचकले. “मी? चष्म्याच्या फ्रेमा बघत होतो. म्हटलं, आता मिळणारच आहे, तर जरा… तू?”

“कोट द्यायला.”

“हां, हां. कोट.” आजोबांनी घसा खाकरला. “सहज विचारतो. तो आतला तक्ता आहे ना, त्यात वरून तिसऱ्या रांगेत मधला जो उभा आहे… त्याला काय म्हणतात? चष्मा नाही ना, नीट दिसत नाही.”

आत्याने काचेतून पाहिलं. “मलाही धुकंच दिसतंय, आजोबा. पण दोन बटणं शेजारी शेजारी, तोच ना?”

“तोच तोच! दोन बटणंवाला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

“घरी पोरगी आहे,” आत्या काचेशीच बोलल्यासारखी म्हणाली. “तिला नावं येतात सगळ्यांची. तिला विचारून ठेवते. सहज.”

“विचार, विचार. सहजच.”

कोट देऊन ती तक्त्यासमोर रेंगाळली. गिऱ्हाइकांचे कपडे बघते तसं तिने एकेकाला बघून घेतलं. पहिलं, सगळ्यात मोठं: हँगरचा हूक, आणि त्या हुकाला बसलेली गाठ. दुसऱ्या ओळीतलं पहिलं: कफ, आणि कफावर तिरकी पडलेली घडी. त्याच्या शेजारी कंबर वाकवून ओझं ओढणारं कुणीतरी. दोन बटणं. रिकामा खिसा. आडवी शिलाई मारलेला खिसा. चार वेळा ‘येते’ म्हणून झालं तेव्हा कुठे ती निघाली. सोमवारी ती परत गेली, कोटाचं बटण तपासायला. मंगळवारी सकाळी पुन्हा गेली, तेच बटण.

आणि प्रत्येक खेपेला परत येऊन इस्त्रीच्या टेबलावरची जाड चादर उचलून तिने खालच्या फळीवर शिंप्याच्या खडूने सगळं उतरवलं.

“हे कोण?” तिने रेडिओला विचारलं.

“हा ठ,” रेडिओ म्हणाली. “तुला माहीत नाही?”

“मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते बघतेय.”

“आणि हा ब. हा स. हा ग, हा ळ…” रेडिओ टेबलावर चढून बसली आणि फूटपट्टी हातात घेऊन पुरती ताई झाली. “आता तू सांग. न बघता सांगायचं नाही, बघूनच सांगायचं. आणि खालून चुळबुळ नको.”

आजोबांचं पुटपुटणं पुन्हा तीन घरं ओलांडून गेलं असावं, कारण मंगळवारी दुपारी लाँड्रीचा मालक जेवायला गेला आणि भाजीवाली सहज डोकावली. तिच्या हातात पावशेर मिरच्या होत्या. “शेजारधर्म म्हणून आणल्या,” ती म्हणाली. पाठोपाठ गवंडी आला, मळक्या शर्टासह. त्याच्या शर्टाने उभ्या जन्मात इस्त्री पाहिली नव्हती. “सासुरवाडीला जायचंय,” तो म्हणाला. त्याच्यामागून आजोबा. आजोबांनी काहीच कारण आणलं नव्हतं. ते दारापाशी उभे राहिले, जुन्या सवयीने.

आत्याने चादर बाजूला सारली.

चौघं फळीभोवती वाकली. रेडिओने एकेकाचं नाव सांगितलं, आत्याने खूण, आणि मग रेडिओने फूटपट्टी आपटली. “हात मागे! आजोबा, तुम्ही आधी.”

“ठ,” आजोबा म्हणाले. “मग ब, स. मग ग, दोन बटणंवाला ळ, आणि म.”

“शाब्बास. भाजीवाली काकू, मिरची खाली ठेवा. हा कोण?”

“हा… ष? आडवी शिलाई मारलेला.”

“काकू हुशार आहेत,” रेडिओने जाहीर केलं. “गवंडी काका, तुम्ही उलटे का उभे?”

“मला खालून बरं पडतं गं,” गवंडी म्हणाला. “पाया आधी.”

तासाभरात चादरीखालची फळी खडूने पांढरी झाली. एक शर्ट करपला, तो गवंड्याचाच होता म्हणून निभावलं. जाताना भाजीवाली दारात थबकली, काहीतरी बोलावं असं तिच्या ओठांवर आलं, मग ती म्हणाली, “डोळे अधू झाले की किती पंचाईत होते, नाही?”

“फारच,” तिघं एका सुरात म्हणाली.

बुधवार उजाडला. चष्मेवाले काका परीटघडीच्या कोटात आले. आत्याने सवयीने आधी कॉलर पाहिली, ताठ होती. त्यांनी पिशवीतून तक्ता काढून समोरच्या भिंतीवर टाचण्यांनी लावला, आणि एक छोटी खुर्ची पार दाराशी नेऊन ठेवली. पोरं सतरंजीवर मांडी घालून सज्ज. त्यांना वाटलं खेळ आहे, आणि ते अगदीच चूक नव्हतं.

“पहिल्या या, काकू. जेवढं दिसेल तेवढं सांगा. घाई नाही.”

भाजीवाली बसली आणि एका दमात वरपासून खालपर्यंत एकवीसच्या एकवीस अक्षरं ओरडून मोकळी झाली. शेवटी सवयीने “घ्या, ताजं आहे!” असंही म्हणाली.

काकांनी भुवया उंचावल्या. “खालची ओळसुद्धा? वा! पुढचे.”

गवंड्याने तळाच्या मुंग्यांपासून सुरुवात केली.

“वरून वाचा हो,” काका म्हणाले.

“साहेब, आमच्यात वरून सुरू केलं तर भिंत पडते,” गवंडी म्हणाला, आणि खालून वर चढत चढत थेट कळसाला ‘ठ’ ठेवून थांबला. जुळ्यांनी टाळ्या पिटल्या.

काका तक्त्याजवळ गेले, परत आले, डोकं खाजवलं. त्याच वेळी तक्त्याची खालची एक टाचणी निसटली आणि कागदाची कड वर गुंडाळली गेली. आजोबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते खुर्चीवर न बसता तिच्या शेजारी सावधान उभे राहिले आणि खणखणीत आवाजात पहिली ओळ म्हणाले, दुसरी म्हणाले, आणि थांबले ते सहावीच्या शेवटच्या अक्षरावर.

“आजोबा,” काका सावकाश म्हणाले, “शेवटची ओळ गुंडाळलेली आहे.”

“तीस वर्षं पहारा केलाय मी,” आजोबा म्हणाले. “गुंडाळलेलंही दिसतं.”

काका वळले, आणि त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं की ते हसू दाबताहेत. मग त्यांनी टाचणी लावली, फूटपट्टी उचलली आणि आत्याला खुणेने बोलावलं. तिच्यासाठी त्यांनी ओळ धरलीच नाही. फूटपट्टी कधी चौथ्या ओळीत, कधी पहिल्या, कधी पार तळाला.

आत्याचं पाठ केलेलं सगळं विस्कटलं. पण फूटपट्टीपुढे तिरक्या घडीचा कफ आला आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, “ब.” मग “ळ.” मग “ष.” मग “स.” गर्दीत कुठेही उभे असले तरी आपल्या गिऱ्हाइकांचे शर्ट ओळखू यावेत, तसे ते तिला ओळखू येत होते. रेडिओ प्रत्येक अक्षराला मान डोलवत होती, मास्तरीणबाईंसारखी.

“छान दिसतं तुम्हाला,” काका हळू आवाजात म्हणाले. “कोटाचं बटण ठीक आहे ना आता?”

आत्या कानापर्यंत लाल झाली.

काकांनी पिशवी आवरली आणि ताईकडे वळून मोठ्याने सांगितलं, “चौघांचे मिळून आठही डोळे ठणठणीत! एवढे चांगले डोळे मी या भागात पाहिले नव्हते. यांना चष्म्याची काडीइतकी गरज नाही.”

ताईने आनंदाने टाळी वाजवली. आणि त्या टाळीच्या आवाजात चौघांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. चार दिवस मान मोडून, खडू झिजवून आपण काय साधलं? तर आपला एकुलता एक चष्मा आपल्याच हाताने मोडला. आता घरी काय राहिलं म्हणायचं?

“आपल्याच पायावर धोंडा,” आजोबा पुटपुटले. ते तीन घरं ओलांडून गेलं.

“मग आता पुस्तक!” ताईने कोंबडीचं पुस्तक काढलं. “आणि काका, थांबा ना, ऐकून जा. बरं झालं हो, डोळे चांगले निघाले. मला उगाच काळजी लागली होती. वरच्या कार्यालयातून सारखं विचारताहेत की ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही अशी घरं तुमच्या वर्गात किती? मुळात हा मोठ्यांचा तास त्यांच्यासाठीच तर आहे, पोरांबरोबर त्यांनाही वाचायला शिकता यावं म्हणून. मी कळवलं, आमच्याकडे तसं कुणीच नाही, सगळे वाचणारे, फक्त चष्म्याची अडचण आहे. तर ते म्हणतात, मग तो तास पुढच्या महिन्यापासून पुलापलीकडच्या वस्तीत नेऊ. तिथे गरज आहे.” तिने पुस्तकाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. “मला तुमची सवय झाली होती, पण चांगलंच आहे ना?”

चौघांनी छताकडे पाहिलं. मग, पहिल्यांदाच, एकमेकांकडे. गवंड्याच्या डोळ्यात या वेळी खरंच काहीतरी गेल्यासारखं वाटलं.

आत्याचं डोकं सुरू झालं. म्हणजे न वाचणाऱ्यांना हे लोक हाकलत नाहीत? हे तर त्यांना शोधत हिंडताहेत. कालच्या मंगळवारसारखे मंगळवार हे लोक आपणहून द्यायला बसलेत, आणि आम्ही त्यांना चष्मे दाखवतोय. पण मग फॉर्मवरची ती खूण? ती खोटी निघाली तर? जागा राहील की जाईल, हे काही ताई बोलली नव्हती. आणि विचारायचं तर आधी सांगावं लागणार. आणि वहिनी म्हणाली होती, काहीही करा पण…

“आत्या, पहिलं पान तुमचं,” म्हणत ताईने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

आत्याने पान उघडलं. कोंबडी, दार, कुंपण. खाली दोन ओळी. आजवर त्या ओळी म्हणजे तिला कपड्यांवर सांडलेल्या शाईसारख्या दिसायच्या. आज त्यातून एक ओळखीचा चेहरा वर आला. तिरक्या घडीचा कफ. ब! त्याच्याच पुढच्या ओळीत आणखी एक. बाकीचे अनोळखी, कुणाच्या डोक्यावर टोप्या, कुणाच्या पायात काही अडकलेलं. त्यांची ओळख अजून व्हायची होती. पण ब तिथे होता, आणि तो तिला दिसत होता.

सतरंजीवरून रेडिओ उठून आली. तिने आत्याच्या गुडघ्यावर कोपर टेकलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

“आत्या, आज तरी दाखव. सासू कुठे लिहिलीये? बोट ठेव.”

आत्याला कुठेही बोट ठेवता आलं असतं. ताईला तिथून दिसलं नसतं. पोरीनेही आता दुसऱ्यांदा काही म्हटलं नसतं, कारण ती शहाणी होती. आणि त्या शहाणपणाचीच आत्याला भीती वाटत होती.

सासूचा स तिला आता माहीत होता. कंबर वाकवून ओझं ओढणारा. तिने पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं, सावकाश, एकेक चेहरा बघत. मग दुसऱ्या ओळीवरून. मग पुन्हा पहिल्यापासून. अख्ख्या पानावर एकही स नव्हता.

आत्याने बोट उचललं, पुस्तक मिटलं आणि रेडिओला जवळ ओढून घेतलं.

“सासू इथे नाही गं,” ती म्हणाली. “कुठल्याच पानावर नसेल. ती मी माझ्या मनाने घातली.” मग तिने मान वर केली. “ताई, चष्म्याचं सोडून द्या. मला वाचता येत नाही.”